वस्तीच्या कामासाठी निधी मागताना: घर, आरोग्य, तरुण आणि मार्चअखेर

गळकं छप्पर, घरातला क्षयरोगी आणि दहावीनंतर घरी बसलेली मुलगी हे तीन प्रश्न वस्तीत बहुधा एकाच दहा बाय बाराच्या खोलीत सापडतात. निधी देणाऱ्यांकडे मात्र घरांचा विभाग वेगळा, आरोग्याचा वेगळा, युवकांचा वेगळा. तिघांकडे तीन प्रस्ताव पाठवले तर काम तुटतं आणि एकच मोठा प्रस्ताव पाठवला तर तो कुणाच्याच चौकटीत बसत नाही. महाराष्ट्रातल्या शहरी आणि निमशहरी वस्त्यांसाठी स्थानिक फाउंडेशन, कौटुंबिक ट्रस्ट आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठी कंपन्यांनी कायद्याने खर्चायचा पैसा) यांच्याकडे अर्ज करताना, करार करताना आणि पुढे हिशेब देताना जे कळत गेलं, ते इथे लिहितो आहोत. अर्ज गोड भाषेत कसा लिहावा हे यात नाही. पैसा कुठून येतो, कुठे अडतो आणि का अडतो, यावर भर आहे.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका गावाच्या किंवा शहराच्या लोकांनी एकत्र ठेवलेला निधी. तो कुठे द्यायचा हे तिथलंच विश्वस्त मंडळ ठरवतं. अमेरिकेत क्लीव्हलंडला 1914 मध्ये ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे हे शुद्ध रूप कमी दिसतं. स्थानिक फाउंडेशनच्या तिजोरीत व्यक्तींच्या देणग्या, मृत्युपत्राने आलेली रक्कम, कंपन्यांचा सीएसआर आणि काही ठिकाणी परदेशी निधी असं सगळं एकत्र असतं. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही एकच प्रश्न आवर्जून विचारतो: आम्हाला जे पैसे मिळू शकतात ते यातले कुठले? पैशाबरोबर त्याचे नियमही येतात, आणि आपण ते न विचारता प्रस्ताव लिहायला बसलो तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

परदेशी निधी असेल तर तो विषय तिथेच संपतो. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरीकडे एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. त्याआधी मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेकडे पैसा झिरपण्याची हीच वाट होती. सीएसआरचा पैसा असेल तर कंपनी कायदा 2013 चं कलम 135 आणि त्याचं परिशिष्ट सात (सीएसआरचा पैसा कुठल्या कामांवर खर्चता येतो त्याची यादी) लागू होतं, आणि तुमच्याकडे सीएसआर-1 क्रमांक, म्हणजे सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी, लागतो. व्यक्तींच्या देणग्यांतून आलेला पैसा सगळ्यात मोकळा. पण तिथेही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एका धर्मादाय संस्थेने दुसऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेपैकी 85 टक्केच प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरले जातात. 2023 च्या वित्त कायद्याने हा बदल आला. त्यामुळे काही फाउंडेशन आता अनुदान देण्याऐवजी काम थेट स्वतःच्या खात्यातून करायला बघतात आणि तुम्हाला फक्त कामगिरीचा करार देऊ करतात. असा करार सही करण्याआधी सीएला दाखवावा, कारण सेवेच्या मोबदल्यात पैसे घेतले तर जीएसटीचा प्रश्न उभा राहतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर यादी सगळ्यांना पाठ असते: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, बारा ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), ऐंशी जी (देणगीदाराला करसवलत), तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक. अर्ज अडतो तो या यादीमुळे नव्हे, कागदांतल्या विसंगतीमुळे. महाराष्ट्रात सर्वाधिक अडतो तो चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे कलम 22 खाली 90 दिवसांत बदल कळवायचा असतो, आणि तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर, म्हणजे त्यांच्याकडच्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, नवी नावं चढतात. बऱ्याच संस्थांत निवडणूक झाली, ठराव झाला, बँकेत सह्या बदलल्या, पण चेंज रिपोर्ट एक तर दाखल नाही किंवा वर्षानुवर्षं प्रलंबित. मग निधी देणाऱ्याच्या तपासणीत परिशिष्ट एकवर जुनी नावं, बँकेत नवी, आणि प्राप्तिकर पोर्टलवर तिसरीच दिसतात. त्यांचा वकील तिथे थांबतो, आणि तो थांबतो हे योग्यच आहे. प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच, पुढच्या तारखेची नोंद आणि मूळ ठराव यांचा एक जोडलेला संच करून ठेवावा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

बारा ए आणि ऐंशी जी आता कायमची नसतात, त्यांना मुदत असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो. 2021 मध्ये पुनर्नोंदणी झालेल्या बहुतेक संस्थांची पाच वर्षं 31 मार्च 2026 ला संपली. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकराचा 2025 चा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी बोलण्यात जुनीच नावं चालतात. सीएसआर-1 साठी ही दोन्ही प्रमाणपत्रं लागतात आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. नव्या संस्थेने इथे घाई करू नये. तीन वर्षं पूर्ण झालेल्या संस्थेच्या बरोबरीने काम करावं, आपलं काम तिच्या हिशेबात स्वतंत्र शीर्षाखाली दिसेल अशी व्यवस्था लेखी ठरवून घ्यावी.

आता मुख्य भाग, घरांचा. परिशिष्ट सातमध्ये घरबांधणी असा शब्द नाही. झोपडपट्टी क्षेत्र विकास आहे, ग्रामीण विकास आहे, स्त्रिया आणि अनाथांसाठी घरं व वसतिगृहं आहेत, सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणं आहे, स्वच्छता आणि सुरक्षित पाणी आहे. या नोंदींचा अर्थ उदारपणे लावावा असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 2014 च्या परिपत्रकातच म्हटलं आहे. म्हणून प्रस्तावात कोणती नोंद हे आम्हीच स्पष्ट लिहितो. कंपनीच्या माणसाला ते शोधायला लावलं की तो सोपा प्रस्ताव उचलतो.

घरांच्या प्रस्तावावर कंपनीचा कायदा विभाग हमखास विचारतो: तयार होणारी मालमत्ता कुणाच्या नावावर? सीएसआर नियमांनुसार निधीतून उभी राहणारी भांडवली मालमत्ता नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या बचत गटासारख्या समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. एकेका कुटुंबाच्या नावावर पक्कं घर बांधून देण्याचा प्रस्ताव इथे अडखळतो. दुरुस्ती, वायुवीजन, वायरिंग, सामाईक शौचालय, सांडपाण्याची गटारं ही कामं सहज बसतात. त्यानंतर जमिनीचा प्रश्न येतो. वस्ती 1971 च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे का, जमीन पालिकेची, रेल्वेची, वनखात्याची की खासगी, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) कुणाकडे आहेत. अघोषित वस्तीत कंपनी सहसा बांधकामाला पैसे देत नाही. तिथे व्यक्तींच्या देणगीतून आलेला निधी मागावा आणि सीएसआरकडे त्याच वस्तीचं आरोग्य व शिक्षण न्यावं. एकाच कामाची अशी फोड करणं यात लपवाछपवी काही नाही, पण दोन्हीकडच्या प्रस्तावांत दुसऱ्याचा उल्लेख हवाच.

छप्पर दुरुस्तीचा खर्च मोघम लिहिलेला प्रस्ताव आम्ही पाठवतच नाही. दहा बाय बाराच्या खोलीचं क्षेत्र 120 चौरस फूट असलं तरी उतार, पागोळीबाहेरचा भाग आणि जोड धरून पत्रा साधारण सव्वापट लागतो, म्हणजे दीडशे चौरस फूट. पत्र्यावर पत्रा निदान सहा इंच चढला पाहिजे. बोल्ट लाटेच्या माथ्यावर मारायचा, खळग्यात नाही, आणि त्याखाली डांबरी किंवा रबरी वॉशर हवा. हे लिहिलं नाही की कंत्राटदार वॉशर वाचवतो आणि पहिल्याच पावसात घर पुन्हा गळतं. गळतीची तक्रार मग संस्थेकडे येते, कंत्राटदाराकडे नाही. म्हणून शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावरच द्यायचे, अशी अट कामाच्या आदेशात असते.

वायुवीजनाचा आकडा प्रस्तावात असायलाच हवा, कारण घर आणि आरोग्य यांना जोडणारा पूल तोच आहे. दमट उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश असावं असा बांधकामाचा संकेत आहे. 120 चौरस फुटांच्या खोलीला म्हणजे 20 चौरस फूट. वस्तीतल्या खोलीच्या तीन भिंती शेजाऱ्यांच्या असतात, चौथ्या भिंतीत दार. 20 चौरस फूट कुठून काढणार? म्हणून छप्पर एका बाजूने उचलून वरती जाळीची पट्टी ठेवणं, एक पारदर्शक पत्रा टाकणं, वाऱ्याने फिरणारा पंखा छपरावर बसवणं असे उपाय करावे लागतात. संकेताइतकी हवा मिळणार नाही, पण आधी किती होती आणि नंतर किती झाली हे मोजून सांगता येतं. पत्र्याच्या घरात वायरिंग हे जिवाचं काम आहे. पावसाळ्यात भिंतीत वीज उतरते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग यांचा खर्च छपराच्या मानाने किरकोळ, तरी बहुतेक प्रस्तावांत तो नसतो. आमचं मत असं की पैसे कमी पडले तर घरांची संख्या कमी करावी, पण अर्थिंग गाळू नये.

भाडेकरूंचा विचार वेगळा करावा लागतो. छप्पर नवं झालं की भाडं वाढतं आणि ज्याच्यासाठी काम केलं तोच घराबाहेर जातो. काम सुरू करण्याआधी घरमालक, भाडेकरू आणि संस्था यांच्यात साध्या मराठीत एक करारपत्र करावं: ठरावीक काळ भाडं वाढणार नाही, भाडेकरूला काढणार नाही. न्यायालयात ते कितपत टिकेल हा वेगळा मुद्दा. वस्तीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून सही झालेल्या कागदाला तिथे वजन असतं. मालक सही करायला तयार नसेल तर ते घर यादीतून खाली जातं, आणि हा निकष सुरुवातीलाच जाहीर करावा.

घरांसाठी थोड्या पैशात मोठं काम होतं ते सरकारी घरकुलाच्या कागदांत. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. पण जागेचा पुरावा नसतो, वारसाची नोंद झालेली नसते, आधारवरचं नाव आणि मालमत्ता पत्रकावरचं नाव जुळत नाही. शिवाय रक्कम हप्त्यांनी, बांधकामाचा टप्पा फोटोसह नोंदवल्यावर येते. जोत्यापर्यंत बांधायला पैसे नाहीत म्हणून पहिल्याच टप्प्यावर घर अडकतं. फाउंडेशनला आम्ही सुचवतो की एका कार्यकर्तीचा पगार, मोजणीचं शुल्क, प्रतिज्ञापत्रांचा खर्च आणि अर्धवेळ अभियंता एवढंच द्या. फिरता निधी हवा असेल तर तो बचत गटांच्या संघामार्फत किंवा पतसंस्थेमार्फत फिरवावा. संस्थेने स्वतः कर्जं वाटायला सुरुवात केली की रिझर्व्ह बँक, धर्मादाय आयुक्त आणि प्राप्तिकर या तिन्ही बाजूंनी प्रश्न येतात.

आरोग्याचे प्रस्ताव देणगीदारांना आवडतात, कारण शिबिर एका दिवसात होतं आणि फोटो चांगले येतात. शिबिराच्या पुढचं काय, हे बजेटमध्ये दिसलं पाहिजे. रक्तदाब 140/90 च्या वर निघालेल्या माणसाची पुन्हा तपासणी कोण करणार, त्याला नागरी आरोग्य केंद्रात कोण नेणार, महिन्याच्या गोळ्या संपल्या की कोण आठवण करणार? आमच्या प्रस्तावात शिबिराच्या खर्चाहून पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्तीचा खर्च जास्त असतो, आणि त्यावर प्रश्न आला की हेच उत्तर देतो. औषधं आम्ही वाटत नाही. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात; तिथवर माणूस पोचवणं आणि तिथे औषध नसेल तर लेखी तक्रार लावून धरणं हे संस्थेचं काम.

रक्त तपासायचं असेल तर सुया आणि लॅन्सेट यांची विल्हेवाट हा खर्च धरावा. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम शिबिरांनाही लागू आहेत. टोकदार वस्तू भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि डबा अधिकृत संकलन केंद्राकडे. साध्या कचऱ्यात गेला तर तो वेचणाऱ्या त्याच वस्तीतल्या बाईच्या हाताला लागतो.

क्षयरोगाचं काम घराशी जोडून मांडावं. साध्या क्षयरोगाचे उपचार सहा महिने चालतात. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आता महिन्याला 1,000 रुपये मिळतात. 2018 पासून 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. ते थेट बँक खात्यात येतात, म्हणून आधार न जोडलेलं किंवा बंद पडलेलं खातं ही इथली ठरलेली अडचण. ती सोडवणं, घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घेणं आणि त्या घराचं वायुवीजन आधी करणं, असा क्रम प्रस्तावात लिहिला की देणगीदाराला तीन विभागांचा एक धागा दिसतो. सुरुवातीची स्थिती सांगताना देशाचे आकडे चिकटवू नयेत. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी होत्या हे खरं, पण तुमच्या वस्तीत किती, हे तुम्ही मोजलेलं नसेल तर वर्षाअखेरीला काय बदललं हेही सांगता येत नाही. म्हणून पहिले दोन महिने पाहणीसाठी मागावेत, आणि त्याचे पैसेही.

तरुणांच्या प्रस्तावात वयाची गोची आहे. राष्ट्रीय युवा धोरण 2014 प्रमाणे युवा म्हणजे 15 ते 29. त्यातले अठराच्या आतले कायद्याने बालक. त्यांच्यासाठी पालकांची लेखी संमती, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, बाल संरक्षण धोरण आणि पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देण्याचं बंधन, हे सगळं येतं. दोन गट वेगळे ठेवा, दोन नोंदवह्या ठेवा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती लागते. तिचा नुसता ठराव पुरत नाही, बैठकांची नोंद मागतात.

मुली का येत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा नळाच्या वेळेत असतं. पाणी संध्याकाळी सहाला येत असेल तर सहाचा वर्ग मुलांचाच होतो. म्हणून समन्याय हा शब्द प्रस्तावात लिहिण्याआधी वर्गाची वेळ, जाण्यायेण्याचं भाडं, जवळ शौचालय आहे का, लहान भावंडाला घेऊन येता येईल का, हे ठरवावं आणि प्रत्येकाला बजेटमध्ये ओळ द्यावी. यशाचं माप प्रमाणपत्रांची संख्या ठेवू नये. नोकरी लागल्यावर तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी किती जण कामावर आहेत हे माप ठेवावं, मुलगे आणि मुली वेगवेगळे मोजून. आकडा लहान दिसतो, पण खरा असतो. असा लहान आकडा समजून घेणारा देणगीदारच पुढच्या वर्षी टिकतो, हा आमचा पक्का अनुभव आहे.

बजेटमध्ये छोट्या संस्था स्वतःचंच नुकसान करतात. 15,000 पगार म्हणजे 15,000 खर्च नव्हे. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा शुल्कासह 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) सव्वातीन टक्के, 488. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, 722. एकूण 18,160. हे कायदे लागू असलेल्या संस्थेने 15,000 च लिहिले तर दर माणशी दर महिन्याला तीन हजारांहून जास्त रक्कम कुठून तरी काढावी लागते, आणि ती शेवटी कार्यकर्तीच्या प्रवासभत्त्यातून निघते.

व्यवस्थापन खर्चावर अनेक कंपन्यांचे अधिकारी पाच टक्क्यांची मर्यादा सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्प खर्चाला ती लागू नाही. मंत्रालयाच्या 2021 च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात ते आलेलं आहे. त्याची प्रत जोडून नम्रपणे दाखवावं. तरीही कंपनी स्वतःचं धोरण म्हणून मर्यादा घालू शकते. तेव्हा हिशेबनिसाचा वेळ, ऑडिट फी, कार्यालयाचं भाडं यांचा प्रकल्पावर पडणारा वाटा वेगळ्या ओळींत, गणितासह लिहावा. परदेशी निधीची 20 टक्क्यांची मर्यादा मात्र कायद्यातलीच आहे, तिथे वाव नाही.

दर लिहिताना जीएसटीसह लिहावेत, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला तो परत मिळत नाही. सिमेंटवर सप्टेंबर 2025 पर्यंत 28 टक्के होता, आता 18 आहे. जुन्या कोटेशनवर बसवलेलं बजेट तपासून घ्या. नाक्यावरच्या मजुरांना रोख द्यावी लागते. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही, म्हणून मुकादमाला एकरकमी रोख न देता प्रत्येकाच्या नावाचं हजेरीपत्रक करून द्यावं.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती वेळेमुळे. सीएसआरचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि पैसे फेब्रुवारी–मार्चमध्ये धावत येतात. छपराचं काम मेअखेर व्हायला हवं, जूनमध्ये पत्रा उघडता येत नाही. म्हणजे मार्चअखेर आलेल्या पैशाला दोन महिने मिळतात, त्यातही सुट्टीत कुटुंबं गावी गेलेली आणि घरांना कुलूप. म्हणून लाभार्थींची यादी, मोजमापं आणि कोटेशनं करार होण्याआधीच तयार असावीत. ते जमणारं नसेल तर छपरं दिवाळीनंतर धरावीत आणि पावसाळ्यात पाहणी, कागदपत्रं, तरुणांचे वर्ग चालवावेत. प्रस्तावातला कामाचा तक्ता पावसाप्रमाणे आखलेला असावा.

दुसरी गोष्ट कंपनीला आधीच विचारायची: संचालक मंडळाने हा प्रकल्प चालू प्रकल्प (ऑनगोइंग, म्हणजे एका वर्षाहून जास्त चालणारा) म्हणून मंजूर केला आहे का? तसं असेल तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. नसेल तर कंपनीला ती सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. घर, क्षयरोग, तरुणांची नोकरी यांतलं काहीच एका वर्षात पुरं होत नाही, म्हणून हा एक ठराव आमच्या लेखी मंजूर रकमेइतकाच मोलाचा आहे.

मार्चअखेर आलेला पैसा आपल्या संस्थेच्या हिशेबात त्याच वर्षाचं उत्पन्न धरला जाऊ शकतो, आणि उत्पन्नाच्या 85 टक्के त्या वर्षात खर्च व्हावे लागतात. चार दिवसांत ते शक्य नाही. शिल्लक पुढे नेण्यासाठी विहित अर्ज मुदतीत भरावा लागतो. सीएला रक्कम जमा झाल्याच्या दिवशीच कळवावं, ऑडिटच्या वेळी नाही.

भेटीला येणाऱ्यांसाठी वस्ती सजवू नये. निवड कशी केली ते त्यांना यादीसमोर बसून दाखवावं: एकल स्त्री, अपंग व्यक्ती, रुग्ण असलेलं घर, भाडेकरू, प्रत्येकाला किती गुण, कोण वर गेलं, कोण खाली आणि का. ही यादी वस्तीत जाहीर वाचलेली असेल तर भेटीत कुणी उठून वेगळं सांगत नाही. निवडीत स्थानिक पुढाऱ्याची शिफारस हा निकष नाही, हेही पहिल्या बैठकीतच सांगून टाकावं. नंतर सांगायला गेलं की ते त्याच्या विरोधात केल्यासारखं होतं.

करारात तीन कलमं नीट वाचावीत. पहिलं हप्त्यांचं: 40, 40, 20 असा हप्ता असेल तर शेवटचे 20 टक्के आधी खर्च करून मग मिळतात, तेवढी रक्कम तुमच्याकडे फिरवायला आहे का? नसेल तर 50, 40, 10 मागा. विचारलं तर बहुतेक वेळा देतात. दुसरं फरकाचं: एका शीर्षातून दुसऱ्यात दहा टक्क्यांपर्यंत रक्कम परवानगीशिवाय हलवता यावी. तिसरं फोटोंचं: रुग्णाचा आणि अठराखालच्या मुलांचा चेहरा व नाव प्रसिद्धीला वापरणार नाही, असं आपणहून लिहून द्यावं आणि घ्यावं. देणगीदाराच्या फलकासाठी घराच्या भिंतीवर नाव रंगवायची मागणी आली तर सामाईक जागी एक फलक सुचवावा. मदत घेतल्याचं कुणाच्या दारावर लिहिलेलं असू नये.

खर्चासाठी वेगळं बँक खातं ठेवलं तर युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) सोपं होतं, आणि रकमेवरचं व्याजही वेगळं दिसतं; ते त्याच प्रकल्पात वापरायचं असतं. व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव आणि बजेटच्या ओळीचा क्रमांक त्याच दिवशी लिहावा. एकाच बिलावर दोन देणगीदारांचा वाटा असेल तर मूळ बिलावर दोघांचे शिक्के आणि टक्केवारी हवी. नाहीतर तेच बिल दोघांना दाखवल्याचा संशय येतो आणि तो पुसायला फार कष्ट पडतात.

काम मुदतीत संपणार नाही असं दिसलं की मुदतवाढीचं पत्र करार संपण्याच्या निदान महिनाभर आधी द्यावं. पत्रात किती घरं झाली, किती राहिली, कुठल्या ओळीत किती शिल्लक आहे आणि नवी तारीख कोणती, एवढं पुरतं. करार संपल्यावर दिलेलं पत्र कितीही खरं असलं तरी कंपनीकडे मुदतवाढ देण्याचा अधिकार बहुधा उरलेला नसतो, आणि शिल्लक रक्कम परत करावी लागते.